केस कोर्टात, रोप बांधावर

आबा, सोमवारी मला दिल्लीत एका बैठकीत तोंड उघडायचं आहे, आणि त्याआधी तुमच्याशी एकदा भांडून घ्यावं म्हणून मी आपल्या गावी, मालेला, येऊन पडवीत बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या पटक्याची खुंटीसुद्धा आता दुसऱ्यानं बळकावली. दादानं तिथं त्याची लष्करातली टोपी टांगली आहे. तरी काही अडलं की मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते. नवऱ्याशी वाद घालण्यात मजा नाही, तो लगेच "बरोबर आहे तुझं" म्हणून मोकळा होतो. तुम्ही जन्मात कधी कुणाचं बरोबर आहे म्हणाला नाहीत. अख्ख्या मुळशीत तुमच्याइतका हेकट माणूस शोधून सापडला नसता, आणि आज मला नेमका तसाच माणूस समोर हवा आहे.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "म्हंजी तू तितं नेमकं करती काय गं?" मी म्हटलं, आपल्या देशानं दुसऱ्या देशांशी कसं वागायचं, कुणाशी किती बोलायचं, कुठं ताणायचं न् कुठं सोडायचं, हे जिथं ठरतं त्या खात्यात मी कागद लिहिते. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "म्हंजी भावकीच," आणि थुंकायला बाहेर गेलात. असा संताप आला होता म्हणून सांगू! रात्रीचा दिवस करून मिळवलेली नोकरी, आणि हा माणूस एका पिंकेत तिची भावकी करून टाकतो. तुमचं ते बोलणं पुरतं खरं नव्हतंच. भावकीत रणगाडे नसतात, आणि तुमच्या चुलतभावाकडं, तात्यांकडं, अणुबॉम्ब नव्हता, नाहीतर तुम्ही दोघांनी मिळून तालुका बेचिराख केला असता. पण गेला आठवडाभर मला तीच भावकी आठवते आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

तर ऐका. पलीकडच्या देशात यंदा पूर आला. कोणत्या ते लिहीत नाही. रेडिओवर ज्याचं नाव निघालं की तुम्ही "आवाज वाढीव" म्हणून गोठ्यातून ओरडायचात, तोच. शेतं गेली, भाताचे तरवे, म्हणजे रोपांचे वाफे, गेले, कणग्यांत राखलेलं बियाणंही भिजून कुजलं. त्यांनी तिसऱ्या एका देशाच्या तोंडून आपल्याकडं बियाणं मागितलं आहे. हळवं भात, म्हणजे उशिरा लावलं तरी हाताशी येईल असं. आपल्याकडं त्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. देऊ नका असं आमच्याकडं कुणीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे की आधी त्यांच्याकडून सीमेच्या एका जुन्या तंट्यावर सही घ्यायची आणि मग पोती हलवायची. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, उलट कामाला वाघ आहेत आणि देशासाठी जीव टाकतात. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "अशी वेळ परत येणार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. त्यांनी ते पाहिलं, कारण विचारलं (मी काय बोलले ते पुढं सांगते), आणि सोमवारच्या बैठकीसाठी माझं मत लेखी द्यायला सांगितलं. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा सहज म्हणून गेले की परदेशी नेमणुकांची यादी याच महिन्यात त्यांच्याकडं आली आहे. त्या नेमणुकीची मी किती वर्षं वाट बघते आहे ते त्यांना ठाऊक आहे. आणि सहज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, मी भावकीत वाढले आहे.

"अशी वेळ परत येणार नाही." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, आणि ते कुठं हे आठवायला मला त्या खोलीत क्षणभरही वेळ लागला नाही. मी नववीत आहे. तुमची आणि तात्यांची बांधाची केस ऐन भरात आहे. ओढ्याकडच्या खाचराचा बांध तात्यांनी आपल्या अंगावर रेटला असं तुमचं म्हणणं, तो आजोबांपासून तिथंच आहे असं त्यांचं. दोन्ही घरांतली पोरं शाळेला जाताना रस्त्याच्या दोन कडांनी चालतात. त्या वर्षी डोंगराकडून ओढा असा फुटून आला की तात्यांचा अख्खा तरवा गाळाखाली गेला. तरवा गेला म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण मला दिल्लीत दर वेळी सांगावं लागतं: भात आधी एका वाफ्यात दाटीनं पेरतात, रोप वीतभर झालं की उपटून खाचरात लावतात, आणि ते रोपच गेलं तर नवं वाढेपर्यंत लावणीचे दिवस निघून जातात, वर्ष हातचं जातं. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, तुम्ही उंबऱ्यात विळ्याला धार लावत होतात. मी धावत येऊन बातमी सांगितली आणि टाळी वाजवली. तुम्ही वर न बघता म्हणालात, "टाळ्या कसल्या पिटतीस? रोप गेलंय त्येचं." आवाज चढवला नाहीत. तुम्ही आवाज चढवला नाहीत की घरात सगळ्यांची गाळण उडायची.

दुपारी सरपंच आले. चहा पिता पिता त्यांनी तुमच्या गुडघ्यावर थाप मारली. "आता बरा गावलाय तुझा भाऊ. तुझं रोप बक्कळ हाय. बांधाचं लिहून घे त्येच्याकनं, मग दे. आशी येळ परत न्हाई यायची." आईसुद्धा हातातलं काम थांबवून बघायला लागली. मला तर वाटलं, झालं, जिंकलो आपण. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "केस कोर्टात हाय. रोप बांधावर ठिवायचं आसतं. ह्येचा आन त्येचा काय संबंध?" सरपंच काहीतरी बोलायला लागले तर तुम्ही त्यांना तोडून म्हणालात, "मी बांध सोडतोय आसं कोन म्हनलं? एक ढेकूळ सोडायचो न्हाई. पर रोप येगळं."

आपल्याकडं रोप विकत नाहीत, आणि हातातही देत नाहीत. आपली आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की उरलेल्या जुड्या बांधावर ठेवायच्या आणि मागं वळून न बघता घरी यायचं. ज्याला कमी पडलं तो येऊन नेतो. हातात दिलं की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, म्हणून ही रीत. पण ती उरलेल्या रोपाची रीत होती आणि तुम्ही तर स्वतःचंच काढून नेलंत. आईनं डोक्यावर चढवलेल्या जुड्या सावरत तुम्ही जाताना तात्यांना जे बोलत होतात ते मी इथं लिहू शकत नाही. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. आई मागून ओरडली, "आवो, त्येंच्या पिढ्या म्हंजी तुमच्याच की!" मग तुम्ही जरा थांबलात, आणि फक्त तात्यांवर आलात. बांधावर, त्याच भांडणाच्या बांधावर, जुड्या टाकल्यात आणि वळलात. तुमची पाठ फिरल्यावर तात्या झाडाआडून आले आणि घेऊन गेले. त्या वर्षी आपलं शेवटचं खाचर विरळ लागलं. मला ते आठवतं, कारण उन्हाळ्यात आईनं त्यावरून तुम्हाला पुरेपूर ऐकवलं.

गोष्टीत असतं तसं पुढं काही झालं नाही. तात्या विरघळले नाहीत. पुढच्या तारखेला तुम्ही दोघं एकाच एसटीनं पौडच्या कोर्टात गेलात, तुम्ही ड्रायव्हरमागं आणि ते थेट मागच्या बाकावर, आणि तिथं त्यांनी तुमच्याविरुद्ध अशी साक्ष दिली की तुम्ही घरी येऊन ताटावरसुद्धा "काय रेटून खोटं बोलतंय बेनं!" म्हणून फणफणत होतात. मी विचारलं, "मग रोप कशाला दिलंत?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "ते येगळं." संपलं. याच्यापुढं तुम्ही मला कधीच काही समजावून सांगितलं नाहीत, आणि तेव्हा मला वाटलं, हा माणूस एक तर भोळा आहे नाही तर दुटप्पी.

आता माझ्या कचेरीत या विषयावर केवढाले ग्रंथ आहेत. भाषणं लिहायला एक तक्ताही आहे, "आपली राष्ट्रीय मूल्यं" असा. शांतता, सहकार्य, सगळं जग एक कुटुंब. मी स्वतः तो कितीदा तरी उतरवून काढला आहे आणि तो वाचून दाखवताना एकाही पुढाऱ्याचा आवाज कधी जड झालेला ऐकला नाही. कशाला होईल? राग आलेला नसताना सगळीच मूल्यं सोपी असतात. राग आल्यावर, समोरचा पायाशी आल्यावर, आपल्या हातून जे करवत नाही, तेवढंच आपलं. बाकी सगळं भिंतीवरचं कॅलेंडर. आणि दुसऱ्या देशांना हे बरोबर कळतं. ते आपली भाषणं ऐकत नाहीत, आपण अडलेल्याशी कसे वागतो ते बघतात. विशेषतः लहान देश बघतात, कारण उद्या अडायची पाळी त्यांची असते.

देशाच्या सुरक्षेचं म्हणाल तर, साहेबांनी टेबलावर हात आपटला त्याच बैठकीत मी तुमचीच गोष्ट सांगितली. नाव-गाव न घेता. साहेब हसून म्हणाले, "छान आहे हो, पण तुमच्या वडिलांना त्यातून मिळालं काय?" दोघे-तिघे हसले. मी म्हटलं, "म्हातारे होऊन अंथरुणात मेले, सर." मग मी त्यांना शेजारच्या खोऱ्यातल्या त्या दोन घरांचं सांगितलं. त्यांचंही भांडण बांधाचंच होतं. एकानं ऐन हंगामात दुसऱ्याचं पाणी तोडलं, दुसऱ्यानं याची गवताची गंजी पेटवली, मग कोयता निघाला. एक मातीत गेला, एक तुरुंगात, आणि दोन्हीकडच्या बायका आजही त्या बांधावर गवत कापायला जात नाहीत. आपली केस तुमच्यानंतरही चालू राहिली, पण इतक्या वर्षांत आपली गंजी कुणी पेटवली नाही आणि त्यांचं पाणी आपण तोडलं नाही. तात्यांना पक्कं ठाऊक होतं की हा माणूस बांधासाठी शेवटपर्यंत लढेल, आणि तितकंच पक्कं ठाऊक होतं की तो माझ्या पोरांच्या ताटाला हात लावणार नाही. दोन्ही गोष्टींची सारखीच खात्री होती म्हणून तात्या निवांत झोपायचे आणि तुम्हीही. आम्ही सैन्य, करार, तारा, चौक्या एवढं सगळं करतो ते याच खात्रीसाठी. त्या दिवशी मी हे सगळं बोलले आणि साहेब एवढंच म्हणाले, "देश म्हणजे गाव नव्हे."

त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आणि गावाचं सगळं चांगलं होतं असंही मी म्हणत नाही. याच गावानं मला कॉलेजात घालू नका म्हणून तुमचे कान भरले होते, तेही आमची रीत म्हणूनच. रीत आहे म्हणून ती धरायची नसते, निवडून धरायची असते. तुम्हीच ती रीत धुडकावलीत आणि ही धरलीत. देशालाही असंच निवडावं लागतं, आणि दर पिढीला नव्यानं. पण साहेबांचं उत्तर माझ्या मनात रुतून बसलं ते दुसऱ्याच कारणानं. देश म्हणजे गाव नव्हे, कारण देशाच्या बांधावर दादासारखी माणसं उभी असतात. दादाचा गुडघा त्याच सीमेवर गेला, आबा. तुम्ही ते बघायला राहिला नाहीत. तो घरी आला, शेती बघायला लागला, कुरकूर म्हणून केली नाही. पण त्याला आता खाली वाकता येत नाही, आणि आवणी तर वाकल्याशिवाय होत नाही.

म्हणून मी शुक्रवारी आले. दिल्लीत कुणाला पटवायच्या आधी मला त्याच्यासमोर उभं राहायचं होतं. तो गोठ्यात धारा काढत होता, उंच स्टुलावर बसून. मी सगळं सांगितलं. तो धार न थांबवता ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "म्हंजी ज्यांनी माझा पाय खाल्ला त्येंच्या पोरांना तू भात घालनार व्हय?" मी म्हटलं, "होय." तो चरवी उचलून लंगडत आत गेला. मला रडू आलं, खरंच आलं. तरी माझं मत हललं नाही, आणि ते हललं नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

यंदा आपल्या तरव्यात रानडुकरं शिरली होती. अर्धं रोप तुडवलं गेलं होतं आणि दादानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण गावात काय लपतं? शनिवारी सकाळी आम्ही ओढ्याकडच्या खाचरात गेलो तर पलीकडून तात्यांचा मुलगा डोक्यावर जुड्या घेऊन येत होता. केस आता त्याच्या आणि दादाच्या नावावर चालते. आणि ऐका, त्याच आठवड्यात त्याच्या वकिलाची नवी नोटीस आपल्या घरी आली आहे! त्यानं आमच्याकडं न बघता बांधावर जुड्या टाकल्या आणि वळला. दादा अलीकडं काठी टेकून उभा. तो दहा-वीस पावलं गेल्यावर दादा मोठ्यानं म्हणाला, "नोटीस पोचली." तो न वळता म्हणाला, "पोचनारच. रजिस्टर केलीया." आणि चालता झाला. मला हसू आवरेना. दादा माझ्यावर डाफरला, "दात काय काढतीस? जुड्या सोड."

आम्ही त्याच बांधालगत त्यांचं रोप लावलं. वहिनी, शेजारच्या दोघी आणि मी. माझी पाठ तासाभरात बोलायला लागली. दादा बांधावर उभा राहून जुड्या फेकत होता, बरोबर हाताच्या अंतरावर पडतील अशा. मग तो एकदम म्हणाला, "त्येंच्याकडं आवणी कदी आसती गं?" मला आधी कळेचना कुणाकडं ते. कळलं तेव्हा मी चिखलात तशीच उभी राहिले. म्हटलं, "आपल्यापेक्षा उशिरा." त्यानं आणखी एक जुडी फेकली. "मग आजून येळ हाय. सह्या घेत बसला तर न्हाई ऱ्हायचा." आणि पुढची जुडी उचलत, "पर सीमंवरचा एक दगड जरी हलू दिलास, तर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाई." मी म्हटलं, "नाही हलू देणार." "मग झालं," तो म्हणाला, "हात चालीव."

आज रविवार. टिपण लिहून झालं आहे. बियाणं लगेच द्यावं, सहीवाचून द्यावं, आणि त्याच तिसऱ्या देशाच्या हातून द्यावं, म्हणजे घेणाऱ्याला आपल्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही. सीमेवरचा एक माणूस कमी करू नये. तंट्याची बोलणी वेगळ्या टेबलावर, ठरल्या तारखेला, होती तितकीच कडक चालू द्यावीत. अडला म्हणून कुणी केलेली सही तो सावरला की मोडतोच, आणि आपण अडलेल्याची सही घेतो हे मात्र जगाच्या कायमचं लक्षात राहतं, हेही लिहिलं आहे. साहेबांनी मत फेटाळलं तर फेटाळू देत, ते त्यांच्या हातात आहे. माझ्या नावाखाली दुसरं काही लिहिलेलं सापडणार नाही. दुपारी साहेबांचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, एकदा नीट विचार करा. यादी अजून माझ्याकडंच आहे." मी म्हटलं, "यादीचं वेगळं, सर." आवाज नाही चढला माझा. तुमच्यासारखाच, नाही चढला.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? आणि पोचलं असतं तरी तुम्ही ते वाचून घ्यायला सरपंचांना बोलावलं असतं आणि गावभर झालं असतं. तेव्हा राहू दे माझ्याजवळच. एक मात्र तुम्हालाच सांगते, टिपणात ते नाही. मला ते लोक आवडत नाहीत, आबा. दादा चालताना बघते तेव्हा तर मुळीच नाही, आणि बियाणं पाठवल्यानं ते आवडायला लागतील असंही नाही. तात्यांच्या मुलानं जरा जास्तच रोप आणलं होतं. उरलेल्या जुड्या काल संध्याकाळी मीच बांधावर नेऊन ठेवल्या आणि घराकडं निघाले. मागं वळून बघायचं नसतं, मला ठाऊक आहे. मी बघितलं.